‘गजरा’ आणि पुसलेल्या फिती : एका हरवलेल्या विनोदी कार्यक्रमाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकात सुरू झालेला आणि ऐंशीच्या दशकातही लोकप्रिय राहिलेला ‘गजरा’ हा कार्यक्रम मराठी दूरचित्रवाणीच्या प्रत्येक आठवणीत हमखास येतो. परंतु त्याचा सलग संग्रह आज अभ्यासकाच्या हाती नाही, आणि जे अधूनमधून पाहायला मिळते ते तुरळक तुकड्यांपलीकडे जात नाही. निर्माते विनायक चासकर यांच्या नावाशी हा कार्यक्रम कायमचा जोडला गेला आहे आणि सुरेश खरे यांच्यासारख्या नाटककाराचेही नाव त्याच्याबरोबर घेतले जाते. छोटी प्रहसने, म्हणजे एखाद्या प्रसंगातील विसंगती काही मिनिटांत रंगवून संपणारे विनोदी नाट्यप्रवेश, एकामागून एक गुंफून अर्ध्याएक तासाची करमणूक उभी करावी, असा त्याचा बांधा होता. आज घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या मराठी विनोदी स्किटच्या कार्यक्रमांचा हा थेट पूर्वज आहे, आणि तरीही त्याच्याविषयी जे बोलले जाते ते जवळजवळ सगळे ऐकीव किंवा आठवणींवर बेतलेले असते. ज्याच्यापासून एक संपूर्ण प्रकार सुरू झाला तो नमुनाच समोर नसताना त्या प्रकाराचा इतिहास कसा लिहायचा, हा प्रश्न मराठी नाट्याभ्यासाने आजवर गांभीर्याने हाताळलेला नाही, आणि प्रस्तुत लेखन त्या प्रश्नाला हात घालण्यासाठी आहे.

मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. भारतात दूरचित्रवाणी त्याआधी तेरा वर्षे, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत प्रयोगादाखल सुरू झाली होती. परंतु मराठी भाषेला हे माध्यम मिळाले ते १९७२ मध्ये, आणि तेही आकाशवाणीचा एक विभाग म्हणून, कारण ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र यंत्रणा १ एप्रिल १९७६ रोजी अस्तित्वात आली. ‘गजरा’ सुरू झाला तेव्हा मराठी दूरचित्रवाणीला स्वतःची अशी कोणतीच परंपरा नव्हती. लेखक, नट आणि निर्माते आले ते रंगभूमीवरून, नभोवाणीवरून आणि लोकनाट्यातून, आणि येताना त्यांनी आपापल्या क्षेत्रातील विनोदाच्या सवयी बरोबर आणल्या.

या सवयींची मुळे मराठी मुलखात फार खोल गेलेली आहेत. तमाशातील बतावणी, म्हणजे वग सुरू होण्यापूर्वी सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार यांच्यात रंगणारा, बराचसा आयत्या वेळी सुचलेला हजरजबाबी संवाद, हे छोट्या प्रहसनाचेच एक रूप होय. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, जोशी, महारीण अशी सोंगे घेऊन बोलणारी माणसे येतात आणि थोडक्यात आपले म्हणणे मांडून निघून जातात; एकनाथांचे पैठण छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर असल्याने मराठवाड्यातील वाचकाला ती परंपरा मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी दिवाकरांनी नाट्यछटा लिहिल्या, ज्यांत एकच पात्र बोलते आणि समोरच्याचे बोलणे वाचकाने ओळखायचे असते. पुढे नभोवाणीवर श्रुतिका आली, म्हणजे केवळ कानांसाठी लिहिलेले नाटक, आणि मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधील प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही पात्रे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांच्या आवाजांतून मराठी घरांत वावरू लागली. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने साठच्या दशकात बतावणीची लय शहरी नाट्यगृहात आणून बसवली. ‘गजरा’तील छोटे प्रहसन या सगळ्यांच्या ओळीत बसते; फरक एवढाच की त्याला एक चौकट मिळाली, आणि ती काचेची होती.

या चौकटीने विनोदाच्या सादरीकरणात जे बदल घडवले ते नीट लक्षात घेतल्याखेरीज नेमके काय हरवले हे कळणार नाही. सुरुवातीच्या काळात स्टुडिओतील पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, म्हणजे नट बोलत असतानाच ते घरोघरी दिसत असत. आणि जे आधी मुद्रित होत तेही बहुधा सलग मुद्रित होत, कारण फीत मध्येच थांबवून जोडणी करण्याचे काम वेळखाऊ होते आणि त्याची साधने अपुरी होती. चुकलेला शब्द सुधारण्याची सोय नसलेला हा रंगमंचच होता, फक्त पडदा आणि विंगेतील प्रॉम्प्टर वजा केलेला. नटांच्या डोक्यावर लांब दांड्याला लटकणारा ध्वनिग्राहक बारीकशी कुजबुजही टिपत असल्याने बाहेरून शब्द पुरवणे अशक्य होते. समोर दोन-तीन कॅमेरे असत आणि निर्माता काचेपलीकडच्या नियंत्रण कक्षात बसून, कोणत्या कॅमेऱ्याचे दृश्य कोणत्या क्षणी बाहेर पाठवायचे याचा निर्णय त्या क्षणीच घेत असे. म्हणजे वाक्य बोलणारा नट दाखवावा की ते ऐकून चेहरा पडलेला दुसरा नट दाखवावा, यावर विनोद लागू पडेल की वाया जाईल हे ठरत असे. कॅमेऱ्यांजवळ उभा असलेला सहायक हाताच्या खुणांनी उरलेली मिनिटे दाखवी, आणि नटाने प्रवेशाची गती त्या खुणांवर बेतायची असे. या साऱ्यात सर्वांत मोठी अडचण म्हणजे समोर प्रेक्षक नसणे. नाट्यगृहात हशा आला की नट थांबतो, हशा ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकतो. स्टुडिओत सहसा हसणारे कोणीच नसे, आणि तरीही घरी बसलेला प्रेक्षक किती वेळ हसेल याचा अंदाज बांधून नटाला शांततेत थांबावे लागे. या थांबण्याची कला मराठी नटांनी या माध्यमात जवळजवळ शून्यातून घडवली. ती कोणत्याही संहितेत लिहिलेली नसते. ती फक्त फितीवर राहू शकत होती, आणि फिती राहिल्या नाहीत.

त्या न राहण्यामागची कारणे कोणा एका व्यक्तीच्या बेफिकिरीत शोधणे अन्यायाचे होईल. त्या काळी जगभरच्या स्टुडिओंत वापरली जाणारी व्यावसायिक चित्रफीत दोन इंच रुंदीची असे, ती परदेशातून मागवावी लागे, आणि परकीय चलनाची चणचण असलेल्या देशात सरकारी केंद्राला प्रत्येक रीळ जपून वापरावे लागे. चुंबकीय फितीचा गुणच असा की तिच्यावरचे जुने मुद्रण पुसून नवे करता येते. कार्यक्रम एकदा दाखवला की त्याचे काम संपले, अशी समजूत असलेल्या व्यवस्थेत ती फीत पुन्हा वापरणे हा काटकसरीचा आणि जबाबदारीचाच मार्ग मानला जाई. नभोवाणीतून आलेल्या या व्यवस्थेला प्रक्षेपण म्हणजे प्रसंग वाटत असे, वस्तू नव्हे. वृत्तपत्राचा अंक छापला की तो वस्तू म्हणून उरतो आणि कोठेतरी बांधून ठेवला जातो; प्रक्षेपणाला अशी नैसर्गिक शिल्लक नसते, ती मुद्दाम निर्माण करावी लागते.

ही हानी केवळ मराठीची नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९६५ ते १९७० या काळात दाखवलेल्या ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ या विनोदी मालिकेच्या बहुतेक फिती पुसून टाकल्या, आणि त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून फितींचा खर्च स्वतः देण्याची पीटर कुक आणि डडली मूर या तिच्या कलावंतांची तयारीही उपयोगी पडली नाही. ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेच्या १९६९ मधील तीन भागांचाही आजवर पत्ता लागलेला नाही. मात्र त्यांच्या संहिता टिकून असल्याने २०१९ मध्ये नव्या नटांनी ते भाग पुन्हा सादर केले. याउलट अमेरिकेत सिड सीझर यांचा ‘युअर शो ऑफ शोज’ १९५० ते १९५४ या काळात थेट प्रक्षेपित होत असूनही आज बराचसा पाहता येतो, कारण तेथे किनेस्कोप पद्धत वापरात होती, म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून दृश्य सेल्युलॉइडवर उतरवून घेतले जाई. प्रक्षेपण थेट होते म्हणून ते नष्ट झाले, असे साधे समीकरण त्यामुळे मांडता येत नाही. देशाच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रांना दाखवण्यासाठी प्रत काढण्याची गरज अमेरिकेत होती, म्हणून प्रत उरली. मुंबई केंद्राला तशी गरजच नव्हती, कारण तेथील मराठी कार्यक्रम मागणारे दुसरे केंद्र बराच काळ अस्तित्वातच नव्हते.

कायद्याचीही येथे मदत झाली नाही. भारतात १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात व ठरवून दिलेल्या अन्य ग्रंथालयांत देणे बंधनकारक आहे. प्रक्षेपित कार्यक्रमाच्या बाबतीत असे बंधन नाही. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, म्हणजे मुंबई दूरदर्शन सुरू होण्याच्या आठ वर्षे आधी. पण चित्रपट जपावा हे ज्या देशाने एवढ्या लवकर ओळखले त्याच देशात दूरचित्रवाणीवरचे प्रहसन जपण्याजोगे आहे हे कोणाला वाटले नाही. विनोद टिकाऊ नसतो, आजचा विनोद उद्या शिळा होतो, ही समजूत त्यामागे होती, आणि ती चुकीची होती. १९७७ ते १९७९ या काळात मुंबई दूरदर्शनवर गाजलेल्या ‘चिमणराव’ मालिकेचे, ज्यात दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले होते, उदाहरण येथे उद्बोधक ठरते. चिं. वि. जोशी यांच्या मूळ कथा पुस्तकरूपाने १९३० च्या दशकापासून उपलब्ध असल्याने मालिकेचे भाग न पाहिलेल्या वाचकालाही चिमणराव हा माणूस माहीत असतो. ‘गजरा’तील प्रहसनांना असा छापील आधार नाही. ती त्या कार्यक्रमासाठीच लिहिली गेली, त्याच कामासाठी बसवली गेली, आणि दाखवून झाल्यावर त्यांना परत जायला पुस्तकाचे घर नव्हते.

येथवर जे मांडले ते ‘गजरा’ पाहिलेल्या महाराष्ट्राच्या बाजूने. छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, हाच विषय पाहिला तर त्याला वेगळेच वळण मिळते, आणि ते वळण आजवरच्या स्मरणरंजनात नोंदवले गेलेले नाही. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या गोलाईने अडतात, त्यामुळे वरळीच्या ३०० मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेले प्रक्षेपणही साधारण शंभर किलोमीटरच्या आत क्षीण होत असे, आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी होती. पुण्यासाठी १९७३ मध्ये सिंहगडावर सहप्रक्षेपण केंद्र, म्हणजे मुंबईचे चित्र घेऊन पुढे पाठवणारे केंद्र, उभारण्यात आले. मुंबईपासून रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या औरंगाबादपर्यंत मात्र त्या दशकात हे चित्र पोहोचू शकत नव्हते. नभोवाणीची गोष्ट वेगळी होती. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात, त्यामुळे मुंबईच्या श्रुतिका मराठवाड्याला परक्या नव्हत्या. आवाज आला आणि चित्र आले नाही, अशी या प्रदेशाची स्थिती होती.

या स्थितीचे आणखी एक अंग इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष बोचेल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला, ज्यात एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोहोचवली गेली. या सहा राज्यांत कर्नाटक आणि आंध्र प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे १९५६ पर्यंत मराठवाड्याप्रमाणेच हैदराबाद राज्याचे घटक होते, आणि त्यांच्यातील निवडक खेड्यांत चौकात ठेवलेल्या संचासमोर माणसे जमत असताना औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे त्यांचे जुने शेजारी या प्रयोगाच्या कक्षेबाहेर राहिले. एकाच संस्थानाच्या सावलीत वाढलेल्या, सारखेच अवर्षण सोसलेल्या मुलखांत एका बाजूला चित्र दिसले आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे राज्यांच्या सीमारेषांनी घडवले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांनंतर, १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी हा उपग्रह कार्यान्वित झाल्यावर आणि १९८४ मध्ये देशभर झपाट्याने लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहू लागल्यावर मराठवाड्याची शहरे दूरचित्रवाणीशी जोडली गेली. परंतु या प्रक्षेपकांवरून आधी आले ते प्रामुख्याने दिल्लीचे राष्ट्रीय कार्यक्रम, आणि मुंबईचे मराठी कार्यक्रम राज्यभर नियमितपणे पोहोचण्यास त्यानंतरही काही काळ जावा लागला.

याचा अर्थ असा की ‘गजरा’ने अवघ्या महाराष्ट्राला हसवले, हे नेहमीचे विधान तपासून घेतले पाहिजे. सत्तरच्या दशकातील ‘गजरा’ मुंबई, पुणे आणि त्यांच्या आसपासच्या पट्ट्याचा होता, आणि त्याचा विनोदही स्वाभाविकपणे त्या पट्ट्यातील चाळ, कचेरी, लोकल आणि मध्यमवर्गीय संसार यांच्या आधाराने उभा होता. त्या दशकात मराठवाड्याच्या वाट्याला त्याची कीर्ती आली, कार्यक्रम आला नाही. फिती पुसल्या जाण्याच्या आधीच हा कार्यक्रम या प्रदेशापुरता हरवलेला होता, आणि म्हणून त्याचा इतिहास लिहिताना प्रक्षेपणाच्या पल्ल्याचा नकाशा उघडून बसणे अपरिहार्य आहे. हे म्हणणे ‘गजरा’ची थोरवी कमी करण्यासाठी नाही. ज्या कार्यक्रमावर आपण प्रेम करतो तो कोणाला दिसत होता आणि कोणाला नाही, हे सांगणे त्या प्रेमाचाच भाग आहे.

नेमक्या याच काळात औरंगाबादेत विनोदाची एक स्वतंत्र घटना घडत होती. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग १९७० च्या दशकाच्या अखेरीस रंगमंचावर आणला. एकपात्री म्हणजे एकाच नटाने सर्व पात्रे रंगवण्याचा प्रकार, आणि येथे ती पात्रे ५२ होती. मराठवाड्यातील एका खेड्याचे वऱ्हाड विमानाने लंडनला निघते, एवढ्या सूत्रावर देशपांडे यांनी आजी, पुढारी, पोरे, पाहुणे असा सारा गाव केवळ आवाज, चाल आणि मान वळवण्याच्या ढबीतून उभा केला, आणि मराठवाडी बोलीला शहरी प्रेक्षागृहात प्रतिष्ठा मिळवून दिली. या प्रयोगाची नोंद गिनेस बुकातही झाली. २००९ मध्ये देशपांडे यांचे निधन झाले, पण ध्वनिफिती आणि नंतरच्या तबकड्या यांमुळे हा प्रयोग घरोघर राहिला, आणि मराठवाड्यातलाच नट संदीप पाठक याने तो पुढे पुन्हा रंगमंचावर आणला. दूरचित्रवाणीची मदत नसलेल्या शहरात जन्मलेले हसू टिकले आणि राजधानीच्या स्टुडिओत, उत्तम साधनांच्या सान्निध्यात निर्माण झालेले हसू पुसले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. यामागे चमत्कार नाही. रंगमंचावरचा प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो, त्यामुळे तो नटाच्या अंगात आणि प्रेक्षकाच्या तोंडी मुरतो. प्रहसन एकदाच झाले, आणि ज्या एका फितीवर ते अवलंबून होते ती दुसऱ्या कामाला लागली.

हरवलेल्या कार्यक्रमाच्या पुनर्रचनेसाठी जी साधने उरतात त्यांचा विचार येथे थोडक्यात करणे पुरेसे आहे. केंद्राच्या कागदपत्रांतील प्रक्षेपणाच्या नोंदवह्या, कलावंतांशी केलेले करार आणि मानधनाच्या नोंदी यांतून तारखा व नावे मिळतात. वृत्तपत्रांत रोज छापली जाणारी कार्यक्रमपत्रिका त्या तारखांची खात्री करते. संहिता लेखकांच्या घरी, टंकलिखित किंवा सायक्लोस्टाइल प्रतींच्या रूपात, सापडण्याची शक्यता असते, आणि त्यांच्या समासांत कॅमेऱ्यासाठी केलेल्या खुणा असतील तर त्या संहितेहून मोलाच्या ठरतात, कारण विनोद कोणत्या चेहऱ्यावर संपवायचा होता हे त्या सांगतात. घरगुती व्हिडिओ यंत्रे ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गात आल्यावर खासगी मुद्रणेही झाली. ती बुरशी धरण्याआधी अंकीय स्वरूपात उतरवणे हे सर्वांत तातडीचे काम आहे. केवळ आठवणींवर मात्र विसंबता येत नाही. प्रेक्षकाच्या मनात ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘आमची माती आमची माणसं’मधील राजा मयेकर, माया गुजर आणि शिवाजी फुलसुंदर यांच्या ‘गप्पागोष्टी’ आणि पुढच्या काळातील विनोदी मालिका एकमेकींत मिसळतात, आणि एका कार्यक्रमातील नट दुसऱ्यात पाहिल्याची खात्री देणारी माणसे पूर्ण प्रामाणिकपणे तसे सांगत असतात. म्हणून आठवण प्रथम नोंदवावी, मग ती नोंदवहीशी ताडून पाहावी, आणि जुळली नाही तरी फेकून न देता तिची विसंगती तशीच लिहून ठेवावी, कारण काय मिसळले गेले यावरूनही त्या काळच्या प्रेक्षकाच्या मनातील विनोदाची प्रतवारी कळते.

संहिता हाती आल्या तरी त्या केवळ छापून काम भागणार नाही, असे प्रस्तुत लेखनाचे मत आहे. ‘डॅड्स आर्मी’च्या हरवलेल्या भागांप्रमाणे त्या पुन्हा सादर झाल्या पाहिजेत, आणि त्यासाठी छत्रपती संभाजीनगरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाइतकी योग्य जागा मिळणे कठीण आहे, कारण येथील नटांना एकट्याने गाव उभा करण्याचा वारसा आहे आणि ‘गजरा’च्या मूळ सादरीकरणाची नक्कल करण्याचा मोह नाही; सत्तरच्या दशकात ते सादरीकरण येथे दिसलेच नव्हते. प्रयोग स्टुडिओच्या मूळ अटींवर व्हावा : तीन कॅमेरे, सलग मुद्रण, चूक झाली तर ती तशीच राहू द्यायची, खोलीत हसणारे कोणी नाही, आणि कॅमेऱ्यांजवळचा सहायक बोटांनी उरलेली मिनिटे दाखवत आहे. नट नेमका कोठे थांबतो, किती वेळ थांबतो आणि पुढचे वाक्य कशाच्या आधारावर टाकतो, याची नोंद प्रत्येक प्रयोगात सेकंदांत घ्यावी, आणि तीच संहिता नंतर शहरातील संत एकनाथ रंगमंदिरात भरल्या प्रेक्षागृहासमोर करून दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात.